मोर्चा लावायचा, वळवायचा की काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मोर्चा’ हा शब्द रोज पेपरात असतो आणि तरी त्याबद्दलच्या शंका संपत नाहीत. बातम्या लिहिणारे, हिंदीतून भाषांतर करणारे, शाळेत वाक्प्रचार शिकवणारे, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे असे सगळे फिरून फिरून तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडनिडे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोर्चा म्हणजे लोक घोषणा देत चालतात तोच ना? मग त्याला लष्करी शब्द का म्हणतात?

आज तोच. पण जुन्या कागदांत मोर्चा शोधला तर एकही घोषणा ऐकू येणार नाही, तोफा ऐकू येतील. किल्ल्याला वेढा घातला की समोर चर खणून, मातीचा आडोसा उभारून जिथे तोफा आणि माणसं बसवत, ती जागा म्हणजे मोर्चा. असे अनेक मोर्चे मिळून वेढा आवळला जाई, म्हणून जुन्या मराठीत हा शब्द बहुतेकदा अनेकवचनात येतो: मोर्चे लावले, मोर्चे दिले, मोर्चे उठवले. एकोणिसाव्या शतकातल्या मोल्सवर्थच्या कोशातही तोफांचाच अर्थ आहे.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवली तर पुढची अर्धी उत्तरं आपोआप सुटतील. मोर्चा नेहमी कुणाच्या तरी समोर असतो. तोफेला तोंड असतं आणि ते कुठेतरी रोखलेलं असतं. शब्दाचा अर्थ कितीही बदलला तरी हे रोखलेपण सुटलेलं नाही.

२. मोर्चा हा इंग्रजी ‘मार्च’चा अपभ्रंश आहे, असं आमच्या सरांनी सांगितलं. बरोबर आहे का?

नाही. दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात आणि दोन्हींत आता चालणं आलं आहे, त्यामुळे हा समज पक्का बसला आहे. पण मराठी फौजा मोर्चे लावत होत्या तेव्हा या शब्दात चालणं नव्हतंच, उलट ठाण मांडून बसणं होतं. शिवाय इंग्रजी राज्य येण्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द इथे आहे.

मोर्चा आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत वेढ्यासाठी खणलेल्या चराला ‘मूरचाल’ म्हणतात. मूर म्हणजे मुंगी आणि चाल म्हणजे खड्डा, अशी त्याची फोड दाखवतात. जमिनीखालून मुंग्यांसारखं सरकत जाणारं सैन्य डोळ्यांपुढे आणलं की ही फोड पटते. ‘मार्च’ हा फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला वेगळ्या घराण्यातला शब्द आहे. रस्त्यावरच्या मोर्चाला ‘मार्च’शी असलेल्या नादसाम्याने थोडा हात दिला असेल, असं मला वाटतं. मूळ मात्र ते नाही.

३. वेढ्यात मोर्चा प्रत्यक्षात लावत कसा? एखादं उदाहरण द्या.

आपल्या मुलखातली तीन उदाहरणं देतो, कारण तिन्हींत मोर्चाचं वेगळं अंग दिसतं.

पहिलं पुरंदर, १६६५. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान वेढा घालून बसले. पुरंदराला लागूनच वज्रगड आहे. दिलेरखानाने आधी तो घेतला, कारण तिथून पुरंदराच्या माचीवर मारा करता येत होता. एप्रिलमध्ये वज्रगड पडला आणि तोफांची तोंडं पुरंदराकडे फिरली. मुरारबाजी देशपांडे याच वेढ्यात पडले आणि जूनमध्ये पुरंदरचा तह होऊन तेवीस किल्ले द्यावे लागले. ‘मोर्चा वळवला’ म्हणजे काय, हे ज्याला डोळ्यांनी पाहायचं असेल त्याने वज्रगडावर उभं राहून पुरंदराकडे पाहावं. अंतर इतकं कमी आहे की अंगावर काटा येतो.

दुसरं पन्हाळा, १६६०. सिद्दी जौहरच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज आपल्या तोफा आणि दारूगोळा घेऊन सामील झाले. व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या मोर्चात उभं राहणं शिवाजी महाराज विसरले नाहीत. पुढच्याच वर्षी राजापूरच्या वखारीला त्याची किंमत मोजावी लागली.

तिसरं वसई, १७३९. इथे सह्याद्रीचा कातळ नाही. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि चिखल, म्हणून चिमाजीअप्पांच्या फौजेला जमिनीकडच्या एकाच बाजूने पुढे सरकावं लागलं. मोर्चे लावायचे, चर पुढे न्यायचे, तटाखाली सुरुंग भरायचे आणि वरून पोर्तुगीजांचा मारा सोसायचा, असं महिनोन्‌महिने चाललं. शेवटी सुरुंगांनी बुरुजाला खिंडार पडलं आणि मे महिन्यात किल्ल्याने शरणागती पत्करली. आज राजकीय बातमीत ‘सुरुंग’ आणि ‘खिंडार’ हे शब्द किती सहज येतात (प्रश्न १२ पाहा), पण वसईच्या तटाखाली ते काम करणारा माणूस बहुधा दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहत नसे.

४. मोर्चे लावणे, मोर्चा वळवणे, मोर्चा काढणे, मोर्चा नेणे: यांत नेमका फरक काय?

‘मोर्चे लावणे’ म्हणजे तयारीनिशी कुणालातरी घेरून बसणं. आता हा प्रयोग मागे पडला आहे. त्याची जागा ‘मोर्चेबांधणी’ने घेतली (प्रश्न ५).

‘मोर्चा वळवणे’ म्हणजे एकीकडचं काम सोडून किंवा संपवून दुसरीकडे लक्ष घालणं (प्रश्न ६).

‘काढणे’ आणि ‘नेणे’ हे रस्त्यावरच्या मोर्चाचे. मोर्चा काढतात आपण होऊन, नेतात कुणाकडे तरी. ‘शेतकऱ्यांनी मोर्चा काढला’ एवढ्यावर वाक्य थांबू शकतं, पण ‘शेतकऱ्यांनी मोर्चा नेला’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कुणावर? पेपरात मोर्चा ‘धडकतो’, पोलीस तो ‘अडवतात’ आणि मंत्री त्याला ‘सामोरे जातात’. ही तिन्ही क्रियापदं पाहा: धडक, अडवणूक, सामना. आपण वेढ्याच्या जवळच घोटाळतो आहोत.

५. मोर्चेबांधणी, फिल्डिंग लावणे आणि लॉबिंग हे सारखेच शब्द आहेत का?

तिन्हींत आधीची तयारी आहे, पण प्रत्येकाची चव वेगळी.

मोर्चेबांधणीत माणसं जोडणं, जागा हेरणं, समोरच्याची ताकद मोजणं हे सगळं येतं आणि ते काही काळ चालतं. ‘विधानसभेसाठी दोन्ही पक्षांची मोर्चेबांधणी सुरू’ हे वाक्य निवडणुकीच्या सहा महिने आधी शोभतं. मतदानाच्या आदल्या रात्रीसाठी ते नाही, तेव्हा लढाई सुरू झालेली असते.

‘फिल्डिंग लावणे’ हे क्रिकेटने मराठीला दिलेलं देणं. त्यात चेंडू आपल्याच हातात यावा म्हणून केलेली छोटी, चलाख योजना असते. ‘बदली पुण्याला व्हावी म्हणून त्याने मंत्रालयात फिल्डिंग लावली’ यात कुणाशी लढाई नाही, फक्त नेमक्या माणसांना नेमक्या जागी उभं केलं आहे. इथे मोर्चेबांधणी म्हटलं तर बिचाऱ्या कारकुनाच्या बदलीला फारच दारूगोळा लागेल.

लॉबिंग हे धोरण किंवा पद मिळवण्यासाठी वरच्यांकडे केलेलं वजन टाकणं. मंत्रिपदासाठी तिन्ही शब्द चालतात आणि बातमीदार आलटून पालटून वापरतात. प्रतिस्पर्धी ठळक असेल तर मोर्चेबांधणी लिहा. नसेल तर फिल्डिंग.

घरगुती वापरातही हाच नियम. ‘गोव्याच्या सहलीसाठी पोरांनी आजीमार्फत मोर्चेबांधणी सुरू केली’ हे झकास, कारण समोर बाबा नावाचा किल्ला आहे. ‘दिवाळीच्या फराळाची मोर्चेबांधणी’ मात्र पोकळ. तिथे ‘तयारी’ म्हणा.

६. ‘चोरट्यांनी आपला मोर्चा मंदिरांकडे वळवला’ हे वाक्य शुद्ध आहे का? चोरांना एवढा मान कशाला?

शुद्ध आहे आणि जिल्हा आवृत्त्यांमध्ये ते इतकं येतं की आता त्यातला विनोद कुणाला जाणवत नाही. या वाक्प्रचारात मान नाही, क्रम आहे. आधी बंद फ्लॅट फोडत होते, आता मंदिरं फोडतात. म्हणून अट एवढीच की आधीचं लक्ष्य कुठेतरी आलेलं असावं किंवा वाचकाला माहीत असावं. चोर पहिल्याच रात्री मंदिरात शिरला तर त्याने मोर्चा वळवलेला नाही, चोरी केली आहे.

माणसाशिवाय इतरांनाही हा प्रयोग चालतो. बिबट्या आपला मोर्चा शेळ्यांकडून कोंबड्यांकडे वळवतो, पाऊस कोकण सोडून विदर्भाकडे वळवतो. बिबट्याचं मला पटतं, तो खरोखरच लक्ष्य हेरतो. पावसाचं निव्वळ सवयीने चाललं आहे, पण ते इतकं रुळलं आहे की हरकत घ्यायला उशीर झाला.

या प्रयोगाला सगळ्यात जास्त शोभा जेवणाच्या पंगतीत येते. ‘मठ्ठा आटोपून मंडळींनी आपला मोर्चा जिलबीकडे वळवला.’ इथे शब्द मोठा आणि प्रसंग लहान, यातच गंमत आहे. एका लेखात अशी गंमत एकदाच करावी.

७. तोफांचा मोर्चा रस्त्यावर कसा आला?

एका रात्रीत आला नाही आणि सरळ रेषेतही आला नाही.

पंजाबात १९२०च्या दशकात गुरुद्वारांच्या ताब्यासाठी अकाली चळवळ झाली. गुरू का बाग (१९२२) आणि जैतो (१९२३) इथल्या लढ्यांना ‘मोर्चा’ हेच नाव होतं. गुरू का बागला अकाल तख्तापुढे अहिंसेची शपथ घेऊन शंभरशंभरांचे जथे रोज निघत, पोलिसांच्या लाठ्या खात आणि दुसऱ्या दिवशी नवा जथा निघे. वेढ्यासारखाच धीर, फक्त तोफ नाही. पंजाबी लोक अजूनही मोर्चा ‘लावतात’, म्हणजे आपलंच जुनं क्रियापद त्यांनी जपलं आहे.

महाराष्ट्रात शब्दाला पाय फुटले आणि तो चालू लागला. जानेवारी १९३८मध्ये खोती पद्धतीविरुद्ध (खोतामार्फत गावचा सारा वसूल करण्याची पद्धत) डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. खोती नष्ट करण्याचं विधेयक बाबासाहेबांनी आधीच्याच वर्षी मांडलं होतं. म्हणजे सभागृहात विधेयक आणि दारात विधेयकवाले, अशी दुहेरी बाजू त्यांनी लावली. पुढे २१ नोव्हेंबर १९५५ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेला मोर्चा त्याच कौन्सिल हॉलच्या दिशेने होता. तो फ्लोरा फाउंटनपाशी अडवला गेला, गोळीबार झाला आणि १५ माणसं गेली. त्या जागेला आता आपण हुतात्मा चौक म्हणतो. दोन वर्षांनी, ३० नोव्हेंबर १९५७ला, पंडित नेहरू शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला प्रतापगडावर आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने तिथेही मोर्चा नेला. शब्द पुन्हा किल्ल्यापाशी पोहोचला, हा योगायोग मला फार आवडतो.

मग सत्तरच्या दशकात बायकांनी त्याला आणखी नवं रूप दिलं. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी मुंबईत लाटणं मोर्चे काढले. हातात लाटणी आणि थाळ्या, तोंडी रॉकेल, साखर आणि तेलाचे भाव. त्यानंतर मोर्चापुढे वस्तूचं नाव लावायची रीतच पडली: हंडा मोर्चा, मशाल मोर्चा, आसूड मोर्चा. हातात काय आहे त्यावरून मागणी कळते. हंडा मोर्चा रस्त्याच्या खड्ड्यांसाठी निघत नाही.

८. मोर्चा, मिरवणूक, फेरी, दिंडी, धरणं, निदर्शनं: कधी कोणता शब्द वापरायचा?

एक सोपी कसोटी आहे. शब्दाच्या आधी ‘वर’ लावून पाहा. ‘जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा’ बसतं. ‘कचेरीवर मिरवणूक’ बसत नाही, ‘कचेरीवर फेरी’ तर मुळीच नाही. हा ‘वर’ म्हणजे वरच्या मजल्यावरचा ‘वर’ नव्हे, ‘दिल्लीवर स्वारी’मधला ‘वर’. मोर्चाला मागणी आणि ती ज्याच्याकडे करायची तो असे दोघेही लागतात.

मिरवणुकीला काहीतरी मिरवायचं असतं: गणपती, नवरदेव, निवडून आलेला उमेदवार. फेरी ही लोकांना सांगण्यासाठी, म्हणून प्रभातफेरी आणि प्रचारफेरी. दिंडी भक्तीची, नंतर ग्रंथदिंडीसारख्या सांस्कृतिक कामांची. धरणं म्हणजे एका जागी बसणं. निदर्शनं उभ्याने, थोड्या वेळासाठी. पदयात्रेला लांबचा पल्ला लागतो, पण शेवटी कुणी अडवणारा लागत नाही.

गोव्यातही हीच कसोटी चालते. पणजीत लोक आझाद मैदानावर ‘जमतात’, पण मोर्चा नेतात तो सरकारी कचेरीवर.

९. मग मूक मोर्चा, कँडल मार्च आणि लाँग मार्च या कसोटीत कसे बसतात?

मूक मोर्चा व्यवस्थित बसतो. घोषणा ही मोर्चाची अट नाही, मागणी ही अट आहे. ९ ऑगस्ट २०१६ला औरंगाबादला सुरू झालेल्या मराठा क्रांती मोर्चांनी हे लाखोंच्या संख्येने दाखवून दिलं. ते जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले, निवेदनं दिली गेली आणि बरोबर वर्षाने, ९ ऑगस्ट २०१७ला, मुंबईत आले.

कँडल मार्च बसत नाही, आणि म्हणूनच मराठी माणसाने त्याचा ‘मेणबत्ती मोर्चा’ मनापासून केला नाही. तिथे बहुधा शोक असतो, कुणावर चाल नसते. मात्र त्याच मेणबत्त्या घेऊन लोक पोलीस आयुक्तालयावर गेले आणि आरोपीच्या अटकेची मागणी केली, तर बेलाशक मोर्चा लिहा.

लाँग मार्च हे नाव चीनमधल्या १९३४-३५च्या प्रसिद्ध कूचावरून आलं. आपल्याकडे ते दोन ठिकाणी ठसलं. एकदा १९७९ साली, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्च. आणि मार्च २०१८मध्ये अखिल भारतीय किसान सभेने नाशिकहून मुंबईला आणलेला. दहावीच्या परीक्षा चालू होत्या, मुलांची खोटी होऊ नये म्हणून रक्ताळलेल्या पायांनी ती माणसं रात्रीतूनच चालत आझाद मैदानावर पोहोचली. ‘किसान लाँग मार्च’ हे विशेषनाम, त्यामुळे तसंच ठेवा. वर्णन करताना मात्र ‘हा मोर्चा रात्री सायनहून निघाला’ असं लिहायला काहीच अडचण नाही.

१०. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी वर्षभर बसून होते. चालत नव्हते. मग त्याला मोर्चा का म्हणत होते?

आजवर आलेल्या प्रश्नांतला हा सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तर प्रश्न ७मध्ये अर्धं आलं आहे. पंजाबी आणि हिंदीत मोर्चाने चालणं धरलंच नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये सिंघू, टिकरी, गाझीपूर इथे ट्रॅक्टर-ट्रॉल्या लावून, तंबू ठोकून, लंगर सुरू करून जे बसले त्यांनी त्याला ‘पक्का मोर्चा’ म्हटलं. मूळ अर्थ पाहिला तर तेच जास्त खरं आहे: ठाण मांडायचं, रसद चालू ठेवायची, हलायचं नाही. ‘संयुक्त किसान मोर्चा’ हे त्या संघटनांच्या एकत्र मंचाचं नाव, त्यातला मोर्चा म्हणजे आघाडी (प्रश्न ११).

मराठी बातमीत मात्र ‘वर्षभर मोर्चा सुरू होता’ असं लिहिलं की वाचक गोंधळतो, त्याला वर्षभर चालणारी माणसं दिसतात. तिथे ‘आंदोलन’ किंवा ‘ठिय्या’ लिहावं. ठिय्या हा शब्द तर यासाठीच जन्मल्यासारखा आहे.

११. हिंदीतून भाषांतर करताना ‘मोर्चा’ आला तर काय करावं?

आधी घाबरावं, मग वाक्य पूर्ण वाचावं. हिंदीत मोर्चा म्हणजे बहुधा लढाईची आघाडी. ‘मोर्चे पर तैनात जवान’ म्हणजे मोर्चात गेलेले जवान नव्हेत, आघाडीवर असलेले जवान. ‘मोर्चा लेना’ म्हणजे सामना करणं. आपला रस्त्यावरचा मोर्चा हिंदीवाले बहुतेकदा जुलूस, रैली किंवा मार्च म्हणतात.

सध्या सगळ्यात जास्त खुपणारं वाक्य हे: ‘विराटने एका बाजूने मोर्चा सांभाळला.’ हे हिंदीतलं ‘मोर्चा संभाला’ जसंच्या तसं उचललं आहे. मराठीत एक बाजू लावून धरली म्हणतात, किल्ला लढवला म्हणतात, आणि साथीदार नसताना एकट्याने वेळ काढली तर ‘खिंड लढवली’ म्हणतात. पावनखिंडीतल्या बाजीप्रभूंमुळे ज्या भाषेला असा वाक्प्रचार मिळाला, तिने उसना मोर्चा कशाला सांभाळावा? एक खबरदारी: खिंड लढवणारा मागच्यांना वाचवण्यासाठी लढत असतो. सलामीवीराने पहिल्या षटकापासून चौकार मारले तर ती खिंड नव्हे.

पक्षांच्या नावांचंही विचारलं जातं. झारखंड मुक्ती मोर्चा, गोरखा जनमुक्ती मोर्चा, भाजपचा युवा मोर्चा किंवा महिला मोर्चा ही विशेषनामं, ती तशीच राहतील. बंगालमधला ‘वाम मोर्चा’ मात्र मराठी पत्रांनी फार पूर्वीच ‘डावी आघाडी’ केला आणि ‘तीसरा मोर्चा’ची ‘तिसरी आघाडी’ झाली.

१२. ‘बालेकिल्ल्यात जोरदार मोर्चेबांधणी’ असा मथळा चालेल का?

बालेकिल्ला कुणाचा, त्यावर आहे. विरोधकाच्या बालेकिल्ल्याभोवती मोर्चेबांधणी होते, तिथे बेशक वापरा. पण उमेदवार स्वतःच्याच बालेकिल्ल्यात मोर्चेबांधणी करत असेल तर तो स्वतःवरच तोफा रोखून बसला आहे. आतला माणूस तटबंदी मजबूत करतो, डागडुजी करतो, रसद भरतो, शेवटी गड राखतो. बाहेरचा मोर्चे बांधतो, रसद तोडतो, सुरुंग लावतो, खिंडार पाडतो. निवडणुकीच्या मराठीचा निम्मा शब्दसंग्रह वेढ्यातून आला आहे. तो वापरताना आपण तटाच्या आत आहोत की बाहेर एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

जाता जाता, ‘आघाडी’ही याच घरातली: चालत्या फौजेचा पुढचा भाग, मागचा तो पिछाडी. बिनीही तशीच, फौजेची सगळ्यात पुढची तुकडी, म्हणून पक्षात ‘बिनीचे शिलेदार’ असतात. गंमत अशी की राजकीय आघाडी म्हणजे आता अनेक पक्षांची एकत्र मोट, आणि त्यात पुढे कोण याचंच भांडण असतं.

१३. हिवाळी अधिवेशन आलं की नागपूरच्या बातम्यांत मोर्चेच मोर्चे का असतात?

१९५३च्या नागपूर करारात विदर्भाला दिलेल्या वचनांमुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला होतं. तेवढ्या दिवसांसाठी अख्खं सरकार एका शहरात, एका इमारतीत सापडतं, आणि ज्यांना मुंबई लांब पडते ते सगळे तिथे येतात. अंगणवाडी सेविका, कोतवाल, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, धान आणि कापूस पिकवणारे. मोर्चा ठरलेल्या जागी अडवला जातो, शिष्टमंडळातल्या चारपाच जणांना आत नेतात, निवेदन दिलं जातं, एखादा मंत्री ‘सामोरा’ येतो आणि बाकीचे भाकरतुकडा खात सडकेवर बसतात.

याच नागपूरला २३ नोव्हेंबर १९९४ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. त्यांच्या स्मृतीत शहरात स्मारक आहे आणि उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. त्या दिवसाबद्दल लिहिताना ‘धडकला’, ‘हल्लाबोल’, ‘रणशिंग’ असले शब्द टाळावेत. ती माणसं आदिवासी म्हणून दाखला मागायला आली होती, आणि त्यांत बायका आणि लेकरंही होती.

१४. मोर्चाला की मोर्च्याला? मोर्चेबांधणी की मोर्चाबांधणी?

पत्रांमध्ये मोर्चाला, मोर्चात, मोर्चाने हीच रूपं रुळली आहेत. मोर्च्याला लिहिणारेही आहेत, त्यावरून भांडू नये. एका मजकुरात एकच रूप ठेवावं. अनेकवचन मोर्चे, सामील होणारा मोर्चेकरी, आणि बांधणी नेहमी मोर्चेबांधणी, जोडून. एका मोर्चाने वेढा पडत नाही, म्हणून तिथे अनेकवचन.

१५. इंग्रजी लिहिताना मोर्चाला काय म्हणावं?

मोर्चाच म्हणावं. भारतीय इंग्रजीत तो सर्रास आहे आणि ऑक्सफर्डच्या कोशातही नोंदला गेला आहे, तोही लोकांच्या मोर्चाच्या अर्थाने. परदेशी वाचकासाठी पहिल्या वेळी थोडक्यात अर्थ द्यावा.

१६. देवळात आरतीच्या वेळी ढाळतात ते ‘मोर्चेल’ आणि हिंदीत लोखंडाला लागतो तो ‘मोरचा’, यांचा याच्याशी काही संबंध?

मोर्चेलाचा नाही. ते मोरपिसांचं, देवावर किंवा राजावर ढाळायचं. त्यातला मोर खरा पिसाऱ्यावाला आहे. लोखंडावरचा मोरचा म्हणजे आपला गंज, तोही फारसीतूनच आलेला. हिंदी मजकुरात ‘तोप पर मोरचा’ असं काही भेटलं तर तोफेवर कुणी चाल केलेली नाही. तिला तेल लावायची वेळ झाली आहे.